अर्ध्या जाळीची कैफियत

मित्रांनो, मी एक जाळी आहे. मासे धरायची नव्हे, खिडकीला ठोकायचीही नव्हे. माणसाच्या पोटात शिवायची. वय विचाराल तर जेमतेम चार वर्षे. पण ज्या पोटात मला बसवले तिथे मी आकसून, कडक होऊन अशी काही झाले, की स्वतःला जुनी म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. आज माझा अर्धा भाग एका बरणीत आहे आणि ती बरणी एका वकीलबाईंच्या कपाटात आहे. उरलेला अर्धा अजून त्या पोटातच आहे. त्यामुळे मला दोन्हीकडचे ऐकू येते, आणि ऐकून ऐकून मी इतकी वैतागले आहे, की आता तुम्हाला सगळे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्यांची केसाएवढी बारीक तार काढली, ती तार यंत्रावर विणली आणि त्या विणीचा लांबलचक तागा झाला. गरम पात्याने त्याचे तळहाताएवढे तुकडे कापले. त्यातला एक तुकडा म्हणजे मी. त्या पाळीला पाते जरा जास्तच तापले होते. त्यामुळे माझी कड वितळून घट्ट झाली आणि जागोजागी तिला टोके आली. तपासणीला बसलेल्या बाईने माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि ती वरच्या साहेबांना म्हणाली, "साहेब, या टोचताहेत."

साहेब घाईत होते. "पोटात कोण बोट फिरवून बघणार आहे? जाऊ दे पुढं," असे म्हणून ते निघून गेले.

मग आम्ही पुढे गेलो. मला खोक्यात घातले, खोक्यावर कंपनीचे नाव आणि एक लांबलचक नंबर छापला, आणि तोच नंबर असलेले दोन छोटे स्टिकर आत ठेवले. एक पेशंटच्या कागदावर लावायला, एक हॉस्पिटलच्या रजिस्टरात लावायला. माझ्या अंगावर मात्र कोणी एक अक्षर लिहिले नाही. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. आपल्याला कामाशी काम, नावाशी काय करायचे, असे मला वाटायचे.

ज्या पोटात मी गेले ते एका बाइंडरणीचे होते. पुस्तके बांधायच्या कारखान्यात ती बावीस वर्षे काम करत होती. तिथे सगळे तिला दाभणताई म्हणत. दाभणाने कागदाच्या गठ्ठ्याला भोके पाडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे, आणि तिची जीभही त्या दाभणाहून फारशी बोथट नव्हती. तिचा नवरा त्याच कारखान्यात कटिंग मशीनवर होता. ती शिवायची, तो कापायचा. घरातही असेच चालते, असे कारखान्यातले लोक चेष्टेने म्हणत.

वर्षानुवर्षे छापील कागदांचे गठ्ठे उचलून तिच्या बेंबीजवळची पोटाची भिंत फाटली आणि आतून आतडे डोकावू लागले. याला हर्निया म्हणतात. सर्जनने तिला समजावले, "तुम्ही पुस्तकाच्या पाठीला जाळीचं कापड लावता ना, पानं सुटू नयेत म्हणून? तसंच आम्ही आतून लावणार."

दाभणताईला हे एकदम पटले. "मग खळ चांगली लावा म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि सर्जनही हसला.

मित्रांनो, सुरुवातीचे ते सहा-सात महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे होते. मी पोटाला धरून राहिले. दाभणताई पुन्हा कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत ती पोटावर थाप मारून सांगायची, "नवी पाठ लावून आलेय. आता हे पुस्तक आणखी पन्नास वर्षं फाटत नाही." आत बसून मी ते कौतुक ऐकायचे आणि फुशारून जायचे. एवढे कौतुक मला त्याआधी कधी मिळाले नव्हते आणि नंतरही मिळाले नाही.

मग मी आकसू लागले. मला आकसायचे नव्हते. पण जी घडणच बिघडलेली, ती किती दिवस सरळ राहणार? माझा एक कोपरा दुमडला आणि ती घट्ट कड आतल्या मांसात रुतू लागली. दाभणताई वाकली की मी टोचायचे, ती खोकली की टोचायचे, हसली तरी टोचायचे. ती पुन्हा सर्जनकडे गेली. त्याने पोटावर दोन बोटे ठेवली आणि गॅस आहे म्हणाला. पुढच्या खेपेला वजन वाढलेय म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने तिच्याकडे न बघता विचारले, "घरी काही टेन्शन आहे का?"

"टेन्शन घरी नाही हो, पोटात आहे," ती म्हणाली. त्याने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरचेही काही वेगळे नव्हते. तिची नणंद यायची आणि म्हणायची, "वहिनी, या वयात सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. माझे गुडघे बघ." सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशी दाभणताईची गत झाली होती. कारखान्यात ती एक हात पोटावर दाबून एका हाताने शिवू लागली. मालकाने तिला शिलाईवरून काढून पाने मोजायला बसवले. बावीस वर्षे ज्या हाताची सगळे वाहवा करत, तो हात नुसती पाने उलटू लागला. तिचे हसणे बंद झाले. खरे सांगते, मला आतून फार लाज वाटायची.

अशी दोन वर्षे गेली. मग पोटावर गाठ आली, ती लाल झाली, ताप चढला. नवऱ्याने तिला दुसऱ्याच हॉस्पिटलात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडले आणि मला पाहिले. त्यांनी माझा सुटत होता तेवढा भाग कापून काढला. दाभणताई शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिला स्पष्ट सांगितले, "अर्धी जाळी निघाली. उरलेली आतड्याला धरून बसलीय. ओढली तर आतडं फाटेल, म्हणून राहू दिली. दुखणं कमी होईल, पण जाईल असं मी म्हणणार नाही. आणि हिची कड अशी असायला नको होती. तुम्ही एखाद्या वकिलाला भेटा."

दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणाले होते, की दुखणे तिच्या डोक्यात नाही. दाभणताई त्या दिवशी खूप रडली.

मित्रांनो, मला वाटले होते, की आता आम्ही सुटलो. माझा निघालेला तुकडा प्रयोगशाळेत होता, उरलेला तिच्या पोटात होता, कड टोचत होती, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले होते. आणखी काय पाहिजे? पण दुखणे पोटातून निघून कागदात शिरले, की त्याची शुद्ध हरपते.

पहिल्या वकिलाचे ऑफिस काचेचे होते. बाहेर बसायला इतका खोल सोफा होता, की आत बोलावल्यावर दाभणताईला त्यातून उठताच येईना. नवऱ्याने तिला दोन्ही हात धरून उठवले. वकील तिचे म्हणणे ऐकत होता, पण त्याचे लक्ष तिच्या पिशवीकडे होते. ती एकेक कागद काढून हाताने सारखा करत होती. चार मिनिटांनी तो म्हणाला, "असे चुरगळलेले कागद घेऊन येत जाऊ नका हो. नीट लावून आणा, मग बघू."

हे तिला फार लागले. बावीस वर्षे तिने दुसऱ्यांचे कागद नीट लावले होते, आणि हा माणूस तिला कागद नीट लावायला सांगत होता! बसमध्ये ती नवऱ्याला म्हणाली, "आता बघाच. असे लावून देते, की जन्मात पाहिले नसतील."

सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून दोघे बंद कारखान्यात गेले. दाभणताईने सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. पिना काढल्या, घड्या इस्त्रीने मोडल्या, दाभणाने भोके पाडून पक्क्या दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावली, जाळीचे कापड चिकटवले. दोन वर्षांनी ती पुन्हा शिवत होती आणि पोट दुखत असूनही गुणगुणत होती.

नवऱ्याने विचारले, "पाठीवर सोनेरीत काय छापू?"

"'माझं पोट' छापा," ती म्हणाली.

"खंड पहिला लिहू का?"

तिने त्याच्याकडे असे पाहिले, की तो मुकाट्याने कटिंग मशीनकडे वळला.

आता बाइंडिंगची रीत अशी, की शिवून झाले की गठ्ठ्याच्या उरलेल्या तिन्ही बाजू कापून सारख्या करायच्या. त्याशिवाय ते काम पुरे झाले असे कोणी मानत नाही. कागद लहानमोठे होते, म्हणून नवऱ्याने सगळ्यांत लहान कागदाच्या मापावर पाते आणले. ऑपरेशनचा कागद मोठा होता. त्याच्या उजव्या कडेला, अगदी टोकाशी, नर्सने घाईत लावलेला माझा स्टिकर होता. माझे नाव, माझा नंबर, माझी कंपनी, सगळे त्या दोन बोटांच्या पट्टीवर होते.

मी आतून ओरडले. अंगात होते तेवढे बळ लावून ओरडले. पण मला ओरडायचा दुसरा मार्ग कोणता? दाभणताईने पोट दाबून धरले आणि ती म्हणाली, "थांबा हो, कळ आली." नवरा थांबला. त्याने तिला स्टुलावर बसवले, पाणी दिले. कळ ओसरल्यावर तो मशीनकडे गेला आणि त्याने पाते खाली आणले. कातरण पोत्यात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोते नेहमीप्रमाणे रद्दीचा लगदा करणाऱ्यांच्या गाडीत गेले.

वकिलाने ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "वा, बांधलंय छान," तो म्हणाला. मग ऑपरेशनच्या पानावर येऊन थांबला. तिथे कडेला स्टिकरचा नखाएवढा तुकडा उरला होता, कोरा. "जाळी कुठल्या कंपनीची? नंबर कुठंय?"

दाभणताईने पान आपल्याकडे वळवले. तिला एका क्षणात सगळे कळले.

"मूळ कागद कापले तुम्ही?" वकिलाने डोक्याला हात लावला. "अहो, उद्या समोरचा म्हणेल, सोयीचं तेवढं ठेवलं आणि बाकीचं कापलं. आणि कंपनीच माहीत नाही तर दावा कोणावर लावू?" त्याने पुस्तक दोन्ही हातांनी उचलून अदबीने परत दिले. एवढ्या अदबीने नकार मिळाला, की भांडताही येत नाही.

त्या संध्याकाळी घरात कोणी जेवले नाही. नवरा म्हणाला, "मशीन मीच चालवलं."

"पान मीच लावलं," ती म्हणाली. "कापायच्या आधी कडा तपासायच्या, हे मी नव्या पोरींना शिकवते. आणि स्वतःचंच पुस्तक आलं तर..." आपलेच दात आणि आपलेच ओठ, राग काढायचा कोणावर? त्याने राग काढला नाही आणि तिनेही काढला नाही, एवढेच मला बरे वाटले.

पुढचे काही आठवडे तिने फोनवर चपला झिजवल्या, असेच म्हणावे लागेल. एक वकील फक्त रस्त्यावरच्या अपघातांचे दावे घ्यायचा. एकाने नंबर मिळाला की फोन करा असे सांगितले. एकाने सगळे शांतपणे ऐकले, आणि मग म्हणाला, की आपल्या पुतण्याचे लग्नपत्रिकांचे दुकान आहे, त्याला बाइंडिंगची माणसे हवी आहेत. दाभणताईने त्यावर जे उत्तर दिले ते मी तुमच्यासमोर सांगत नाही.

शेवटी उपयोगी पडली ती गुडघेवाली नणंद. झाल्या गोष्टीने ती ओशाळली होती. "वहिनी, मी तुला उगाच बोलले," ती म्हणाली, आणि तिने एका वकीलबाईंचा पत्ता आणून दिला. वकीलबाईंची खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. खाली मशीन चालू झाले, की वरची जमीन थरथरायची. त्यांनी 'माझं पोट' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. समोरचा चहा गार झाला तरी त्यांनी मान वर केली नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "निघालेला तुकडा कुठंय?"

मित्रांनो, एवढ्या वकिलांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. प्रयोगशाळेत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, की जुने नमुने या शुक्रवारी नष्ट करणार आहोत, हवा असेल तर घेऊन जा. तो दिवस गुरुवार होता. नवरा मशीन बंद करून धावत गेला आणि मला बरणीसकट डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आला. वकीलबाई दोन दिवस बाहेरगावी गेल्या होत्या, म्हणून मी घरी कपाटावर बसले. बरणीला ना सील होते, ना कोणाची सही. पुन्हा एक चूक झाली होती, आणि पुन्हा ती प्रेमाने झाली होती.

वकीलबाईंनी हिशेब केला. दावा लावायची मुदत पहिल्या ऑपरेशनपासून तीन वर्षांची होती. त्यातले सव्वीस दिवस उरले होते.

आता रजिस्टर तेवढे उरले होते. माझा दुसरा स्टिकर पहिल्या हॉस्पिटलच्या रजिस्टरात होता. दाभणताई तिथे गेली. खिडकीतला कारकून म्हणाला, "ते आतलं रजिस्टर आहे. कोर्टाचा हुकूम आणा." ती कोर्टात गेली. तिथला कारकून म्हणाला, "आधी दावा लावा, मग हुकूम मागा."

"दावा कोणावर लावू?"

"जाळी कोणाची आहे त्याच्यावर."

"ते रजिस्टरात आहे."

"मग रजिस्टर बघून या."

घाण्याच्या बैलासारखी ती त्या दोन खिडक्यांमध्ये पाच वेळा फिरली. प्रत्येक जिना चढताना मी तिला टोचत होते. मला टोचायचे नव्हते हो! पाचव्या वेळी ती जिन्यातच बसली. येणारेजाणारे तिच्या बाजूने पाय उचलून जात होते. एक बाई म्हणाली, "रस्त्यात काय बसता?" दाभणताई कठडा धरून उठली आणि बाजूला झाली.

अखेर वकीलबाईंनी दावा लिहिला. पहिला प्रतिवादी हॉस्पिटल. दुसऱ्या प्रतिवादीच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'जाळी बनवणारी कंपनी. नाव पहिल्या प्रतिवादीच्या रजिस्टरात आहे.' कारकून म्हणाला, "असं चालत नाही."

"कुठल्या नियमात चालत नाही ते याच कागदावर लिहून द्या, सहीसकट," वकीलबाई म्हणाल्या. सहीचे नाव काढताच कारकुनाने शिक्का उचलला. मुदतीचे चार दिवस उरले असताना दावा दाखल झाला.

सुनावणीच्या दिवशी मी टेबलावर होते. हॉस्पिटलच्या वकिलांनी बरणी उचलून उजेडात धरली. "ही घरातल्या कपाटावर दोन दिवस होती. सील नाही. हा तुकडा या बाईंच्या पोटातलाच कशावरून? आमच्याकडेच बसवलेला कशावरून?" मग त्यांनी आवाज मऊ केला. "आमचा एक प्रस्ताव आहे. उरलेली जाळी दोन्हीकडच्या डॉक्टरांसमोर काढावी. मग वादच उरणार नाही."

मी बरणीत होते आणि पोटातही होते. दोन्हीकडे मी गारठले. निघालेल्या तुकड्यावर कोणाचा विश्वास नव्हता, म्हणून रुतलेला तुकडा उपटून दाखवायचा!

वकीलबाई उठायच्या आत दाभणताई उठली. एक हात पोटावर ठेवून ती म्हणाली, "साहेब, ती काढली तर आतडं फाटेल, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. पान एकेचाळीस. माझं खरं ठरवायला मी मरायचं का? यांनी नुसतं एक रजिस्टर उघडायचं आहे. माझं पोट दोनदा उघडलं, यांचं रजिस्टर एकदा उघडत नाही."

न्यायाधीशांनी पान एकेचाळीस काढले आणि वाचले. मग रजिस्टरचे विचारले.

हॉस्पिटलचे वकील म्हणाले, "त्या वर्षाचं रजिस्टर बाइंडिंगला दिलंय, साहेब. वेळ लागेल."

मित्रांनो, सांगून सांगून त्यांनी कोणाला काय सांगितले! दाभणताईचा चेहरा असा झाला, की तिचा नवरा मागच्या बाकावर पुढे सरकून बसला.

"साहेब, मी बाइंडर आहे," ती म्हणाली. "रजिस्टर बांधूनच विकतात. आम्हीच बांधतो. भरलेलं रजिस्टर परत बांधायला येतं ते फाटलं तरच. ते फाटलं असेल, तर कुठली पानं सुटलीत ते यांनी आज लिहून द्यावं. आणि कुठल्या कारखान्यात दिलंय तेही सांगावं. गावात चार कारखाने आहेत. मी आत्ता फोन लावते."

कोणीतरी मागे हसले. हॉस्पिटलच्या वकिलांनी आपल्या माणसाकडे पाहिले, त्या माणसाने पायांकडे पाहिले. न्यायाधीश हसले नाहीत. आठ दिवसांत रजिस्टर आहे त्या अवस्थेत हजर करा, असा हुकूम त्यांनी लिहवून घेतला. आठ दिवसांचे बावीस दिवस झाले, मध्ये दोनदा तारीख पडली, पण अखेर रजिस्टर आले. ते बाइंडिंगला गेलेच नव्हते. त्याची शिलाई जिथल्या तिथे होती.

ऑपरेशनच्या तारखेचे पान उघडले. दाभणताईच्या नावासमोर माझा स्टिकर होता, न कापलेला, कडेसकट. कंपनीचे नाव होते, नंबर होता. वकीलबाईंनी तो दोनदा मोठ्याने वाचला. नवऱ्याने तोंडावर रुमाल धरला. मला वाटले, आता दाभणताई हसेल.

ती हसली नाही. हॉस्पिटलच्या वकिलांनी बाकीची नावे दिसू नयेत म्हणून पानावर एक कोरा कागद आडवा धरला होता. नावे झाकली होती, पण स्टिकरांची उभी रांग त्या कागदाबाहेर राहिली होती. बावीस वर्षे जिने पाने जुळवली, तिच्या नजरेला तेवढे पुरे होते. तिने बोट न लावता मोजले. तोच नंबर, माझाच नंबर, त्या पानावर आणखी सहा वेळा होता. एकाच ताग्यातल्या, त्याच तापलेल्या पात्याच्या माझ्या सहा बहिणी होत्या त्या.

"साहेब," ती म्हणाली, "या सहा जणांना कोणी सांगितलंय का?"

हॉस्पिटलचे वकील म्हणाले, की तो खाजगी बाबींचा प्रश्न आहे. न्यायाधीशांनी सांगितले, की ते या दाव्यात येत नाही, वेगळा अर्ज करा. वकीलबाईंनी त्याच दिवशी अर्ज केला. त्याचे उत्तर आले, 'आवश्यकता वाटल्यास संबंधितांस कळवण्यात येईल.' ते वाचून दाभणताईने पत्र फाडायला हात उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. कागद फाडायचे नाहीत, हे ती आता शिकली होती.

दावा चालू आहे. कंपनीचे वकील आले, त्यांनी वेळ मागून घेतला, त्यांना वेळ मिळाला. दाभणताई तारखांना जाते, जिने चढते, आणि तिच्या आत मी अजून टोचते. मी तिची क्षमा मागू शकत नाही. बरणीतला तुकडा नुसता दाखवता येतो आणि आतला नुसता दुखतो.

म्हणून मित्रांनो, मला बोलता येत नाही ते तुम्ही बोला. तुमच्या घरात आईला, काकाला, आजोबांना कधी जाळी बसवली असेल, तर तिचा नंबर विचारून घ्या. कागद मिळाला तर तो आहे तसा ठेवा, चुरगळलेला असला तरी. आणि ते माणूस कधी म्हणाले, की आत काहीतरी टोचतेय, तर त्याला गॅस म्हणू नका, गुडघे दाखवू नका. त्याच्याजवळ बसा आणि कधीपासून टोचतेय ते विचारा. त्या सहा जणांना अजून कोणी काही सांगितलेले नाही.